पौर्णिमेच्या भरतीआधी सहा होल

शनिवार, ७ डिसेंबर १९५७, दुपारी दीड. परळच्या आमच्या गिरणीच्या ऑफिसात तीन माणसं हजर होती. एक विणाई खात्याचे गोरे मास्तर, ज्यांना सगळी गिरणी नुसतं 'साहेब' म्हणायची. दुसरा आमचा स्टोअरकीपर. तिसरा हेडक्लार्क, म्हणजे मी. साहेबांनी टेबलावर दहाच्या आठ नोटा ठेवल्या. मी त्या मोजल्या, पाकिटात घातल्या, पाकिटावर तारीख आणि रक्कम लिहिली आणि मग विचारलं, "साहेब, हे कशाचे?"

"गोल्फचे," साहेब म्हणाले. "माका एक दिवस दर्याकडे खेळूचा आसा."

साहेब स्कॉटलंडचे. एकतीस वर्षांपूर्वी मुंबईला आले आणि थेट विणाई खात्यात उभे राहिले. खात्यातले बहुतेक विणकर मालवण-सावंतवाडीकडचे. त्यांच्यात राहून साहेब जे बोलायला शिकले तेच मराठी अशी त्यांची समजूत होती. ती कुणी मोडली नाही. मोडायची गरजही नव्हती, कारण साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात त्यांचं बोलणं सगळ्यांना कळायचं.

गोल्फ म्हणजे लांब काठीने लहान पांढरा चेंडू मारत मारत जमिनीतल्या खळग्यात घालायचा खेळ, एवढं मला माहीत होतं. संध्याकाळी गिरणी सुटल्यावर साहेब कापसाच्या गाठींच्या मागे एकटेच काठी फिरवताना दिसायचे. पण तो खेळ शहरात क्लबांमधून चालतो, मग समुद्रावर कशाला, हे मला समजेना.

"क्लबात बाग आसा रे. गोल्फ नाय," साहेब म्हणाले. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. समुद्र, त्याच्या कडेला वाळूचे उंचवटे, आणि समुद्र व शेत यांच्या मधली जमीन, जिथे काही पिकत नाही, फक्त आखूड गवत उगवतं. त्यांच्याकडे तिला लिंक्स म्हणतात. हा खेळ मुळात तिथला. त्यांचे वडील त्यांच्या गावच्या अशाच एका मैदानावर गवत राखायला होते. साहेब चालायला शिकले ते त्या गवतावर.

"मग आता रिटायर होऊन घरीच चालला आहात की," स्टोअरकीपर म्हणाला. "तिकडे रोज खेळा."

पण साहेब घरी जात नव्हते. बायको वारली होती, गावात कुणी उरलं नव्हतं. ते लेकीकडे कॅनडात चालले होते, जिथून समुद्र गाठायला दोन दिवस गाडीत बसावं लागतं. बोट मंगळवारी, ७ जानेवारीला सुटणार होती. म्हणजे आमच्या हातात बरोबर एक महिना, आणि त्यातले सुट्टीचे दिवस म्हणजे रविवार, ते पाच.

हे काम मी अंगावर का घेतलं ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी, संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबाराच्या दिवसांत, लालबाग-परळला संचारबंदी असताना, माझ्या धाकट्या मुलीला घटसर्प झाला. घसा बंद होत आला होता. टॅक्सी नाही, टांगा नाही, रस्त्यावर पाऊल टाकायची सोय नाही. चाळीतल्या एका विणकराने गिरणीच्या फाटकापर्यंत निरोप कसा पोचवला ते मला आजही नीट माहीत नाही. साहेब स्वतःची गाडी स्वतः चालवत आले, मुलीला आणि हिला मागे बसवलं, मला पुढे, आणि दोन ठिकाणी शिपायांशी हुज्जत घालून रुग्णालयात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. मुलगी वाचली. दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "खात्यात सूत तुटता, जा," आणि पाठ फिरवली.

त्यानंतर दोन वर्षं मला त्यांचे आभार मानता आले नव्हते. त्यांना निरोप म्हणून गिरणीत चांदीच्या तबकासाठी वर्गणी जमवली, तर त्यांनी ती परत करायला लावली. यादी माझ्याच हातची होती, म्हणून एकेकाची सही घेऊन पैसे परत केले तेही मीच. साहेबांनी कुणाकडूनही काही घेतलं नाही. मागितली ती एवढी एकच गोष्ट, आणि तीही स्वतःचे पैसे पुढे ठेवून. हा एक दिवस नीट पार पडला तरच माझ्याकडून काहीतरी झालं असतं. बोट सुटल्यावर काही राहणार नव्हतं.

जागा स्टोअरकीपरने सुचवली. तो ईस्ट इंडियन ख्रिस्ती, जन्म परळचा, पण आजोळ मार्व्याच्या खाडीपलीकडे. आम्ही दोघं एकाच वर्षी गिरणीत लागलो, त्यामुळे आमच्यात अरे-तुरे.

"मामाच्या गावाला खाडीच्या तोंडाशी कुरण आहे," तो म्हणाला. "म्हशी चरून चरून गवत असं बारीक ठेवतात की न्हाव्याने मशीन फिरवल्यासारखं. वाळू आहे, वारा आहे. साहेबांना अजून काय पाहिजे?"

"खळगे?"

"ते तू खण. हेडक्लार्क आहेस ना."

पुढच्या रविवारी, १५ तारखेला, आम्ही दोघं पाहायला गेलो. मामा सत्तरीचा, ताठ, कानाला जरा कमी ऐकू येणारा. कुरण खरोखर चांगलं होतं. एका बाजूला खाडी, समोर समुद्र, मागे जरा चढ आणि चढावर लाकडी क्रूस. मी पावलं मोजली. नऊ होलांची, म्हणजे खळग्यांची, जागा नव्हती, सहाची होती. सुरुवात क्रुसापाशी, तिथून उतरत खाडीकडे, शेवटचा होल खाडीच्या अगदी कडेला, असा क्रम मी ठरवला. प्रत्येक होलाचं अंतर पावलांत लिहून घेतलं. म्हशींचं काय करायचं ते मामाला विचारलं. मामा म्हणाला, एक दिवस बांधून ठेवीन.

पंचाईत झाली ती परतताना. ओहोटी लागली होती. तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, धक्क्याला येईना. तरवाल्याने लांबूनच हात केला, आणि आम्ही धोतर-पाटलोण वर खोचून गुडघाभर चिखलातून होडीपर्यंत गेलो. मी दोनदा बसलो.

"साहेबांना पाठुंगळीला तू घेशील की मी?" स्टोअरकीपरने विचारलं.

हा विनोद नव्हता. दहा वर्षांपूर्वी साच्याचा पट्टा तुटून साहेबांच्या उजव्या गुडघ्यावर बसला होता. सपाटीवर ते मैलभर चालत, पण चिखलात पाय रुतला तर तो निघाला नसता. म्हणजे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा धक्क्याला पाणी हवं. म्हणजे भरती भर दुपारी हवी.

भरतीची वेळ कशी काढायची ते मामाने होडीत चढताना ओरडून सांगितलं होतं. तिथीची पाऊणपट करायची. जेवढे येतील तेवढ्या वाजता पाणी पूर्ण भरतं. त्या दिवशी नवमी होती. नऊची पाऊणपट पावणेसात, म्हणजे दुपारी पाऊणच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. चिखल का लागला ते मला पटलं. इतका सोपा आणि सुबक हिशेब मी फार दिवसांत पाहिला नव्हता. घरी येऊन मी पंचांग काढलं. २२ तारखेला स्टोअरकीपरच्या घरी नाताळाची तयारी, तो येऊ शकणार नव्हता. २९ला अष्टमी, पुन्हा चिखल. ५ जानेवारीला पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.

याहून चांगली वेळ मागूनही मिळाली नसती. मी फुलस्केप कागदावर कार्यक्रम लिहिला. साडेआठला परळहून टॅक्सी. सव्वादहाला तर. पावणेअकराला मामाच्या ओटीवर न्याहारी. सव्वाअकरापासून दीडपर्यंत खेळ, म्हणजे साहेबांना समुद्र भरलेला दिसेल. अडीचला परतीची तर. मी मामाला पत्र टाकलं. टॅक्सीवाल्याशी थांबण्यासकट तीस रुपयांत ठरवलं. तांब्याच्या पाइपचे सहा तुकडे फिटरकडून कापून घेतले, खळग्यांत बसवायला. हिने लाल साडीच्या जुन्या काठाची सहा निशाणं शिवून दिली.

चाळीत बातमी पसरलीच. आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत असायचे. निशाणं वाळत घातलेली पाहून ते म्हणाले, "काय हेडक्लार्क, मुंबई मिळवायची सोडून साहेबाला गोट्या खेळायला नेताय म्हणे?"

"सभेला मीही येतो, मास्तर. वर्गणीही दिली आहे."

"दिलीत, दिलीत. पावतीही मागून घेतलीत."

"पावती घेतली नाही तर दिली हे कशावरून?"

"अहो, जाता आहात तर त्याला विचारून तरी या, मुंबई आमची की नाही. तुमच्या काठ्यांत एखादी जास्तीची असली तर आम्हाला द्या."

मी हसलो, पण मनात धाकधूक होतीच. त्या रविवारी हरताळ वगैरे निघाला, टॅक्सी बंद झाल्या, तर दुसरा रविवार नव्हता. रोज सकाळी मी वर्तमानपत्र आधी त्यासाठी पाहायचो. हरताळ निघाला नाही. अडचण निघाली ती माझ्याच घरात.

गुरुवारी, २ तारखेला, दिवेलागणीला ही संक्रांतीचे तीळ निवडत बसली होती. मी कार्यक्रमाचा कागद पुन्हा एकदा वाचत होतो, मोठ्याने.

"रविवारी पौर्णिमा ना?" तिने विचारलं.

"म्हणून तर रविवार धरला."

"आणि खेळणार कुठे म्हणालात?"

"कुरणावर. खाडीच्या तोंडाशी."

"सव्वाअकराला."

"सव्वाअकराला."

"म्हणजे पाण्यात," ही म्हणाली आणि एक खडा काढून बाजूला टाकला.

हिचं माहेर मालवणकडे, खाडीकाठी. तिने तीळ खाली ठेवले आणि लहान मुलाला सांगावं तसं मला सांगितलं. भरती रोज येते, पण रोज सारखी येत नाही. अष्टमी-नवमीला पाणी अर्ध्यावर राहतं. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं. तिच्या माहेरी पौर्णिमेला पाणी माडांच्या आळ्यांत शिरतं. आणि भर दुपारची भरती म्हणजे पुनव-अवसेच्याच आगेमागे. दोन्ही एकत्रच येतात.

मला ते ऐकताच कळलं, आणि मग मला बसवेना. धक्क्याला पाणी हवं म्हणून मी जो दिवस शोधला होता, तोच कुरणावर पाणी येण्याचा दिवस होता. तिथीची पाऊणपट मला वेळ सांगत होती, उंची सांगत नव्हती. आणि कुरण मी पाहिलं होतं नवमीला, पाणी सगळ्यांत कमी चढतं तेव्हा.

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही पंचांगाशी बोलत होतात. मला विचारलंत ते डब्यात आंबोळ्या किती, एवढंच."

शुक्रवारी सकाळी मी स्टोअरकीपरला घरातून उठवून दादरच्या बाजारात नेलं. मामा दर शुक्रवारी तिथे वांगी आणि मुळा घेऊन येत असे. टोपल्यांच्या गर्दीत तो सापडला. पाइप आणि निशाणांची पिशवी त्याच्या हाती दिली आणि मी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, पौर्णिमेला कुरणावर पाणी येतं का?

"येतंय की," मामा म्हणाला. "खालच्या अंगाला मांडीभर. वरती घोट्याला."

"मग मामा, तू बोलला का नाहीस?" स्टोअरकीपर म्हणाला.

"तुमी ईचारलंत कवा? तुमी बोललात, म्हशी बांधून ठेव. मना वाटला, साहेबाला पान्यातच खेलायचा असंल. साहेब लोकांचा काय सांगावा."

मामाने गिऱ्हाइकाला वांगी दिली, सुटे पैसे परत केले आणि मग आमच्या तोंडाकडे पाहून त्याला काहीतरी चुकलंय हे समजलं असावं. तो म्हणाला, "पन पानी काय एकदम येत न्हाय."

मी तिथेच फुटपाथवर कागद काढला आणि मामाला एकेक विचारत गेलो. धक्क्याच्या पायऱ्यांना पाणी कधी लागतं? नऊला. खाडीकडच्या गवतावर पहिलं पाणी कधी? सव्वादहाला. क्रुसापाशी? तिथे येतच नाही, कमरेइतका चढ आहे. पाणी उतरून तर बंद कधी पडते? तीनला, खाडीतलं पाणी चढतं त्याहून सावकाश उतरतं.

मग हिशेब सरळ होता. नऊला उतरायचं, नऊ-वीसला खेळायला लागायचं. एका होलाला पंधरा मिनिटं धरली तर दीड तास, म्हणजे दहा-पन्नास. सव्वादहाच्या आत खाडीकडचे होल उरकले पाहिजेत. म्हणून क्रम उलटा करायचा. सुरुवात खाडीच्या काठावर, शेवट चढावर क्रुसापाशी. पाणी मागून येत राहील आणि खेळ त्याच्या पुढे पुढे चढत जाईल. न्याहारी नंतर. कागदावर सगळं बसत होतं. पण कागदावर आधीचंही बसलं होतं.

दुपारी मी साहेबांच्या बंगलीवर गेलो. ते पेट्या बांधत होते. मी उभा राहूनच सांगितलं. चूक कुठे झाली, कशी झाली, आता काय करता येईल. स्टोअरकीपरचं नाव मी मध्ये येऊ दिलं नाही, कारण दिवस मी ठरवला होता. शेवटी मी म्हणालो, "साहेब, नको वाटत असेल तर ऐंशीच्या ऐंशी रुपये परत करतो. टॅक्सीवाल्याला अजून काही दिलेलं नाही."

साहेब पेटीच्या कडेला बसले. "पानी कितक्यांक येता?"

"सव्वादहा. खालच्या बाजूला."

"मगे सव्वादहाच्या आधी मारतलंय." त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि उलटा केलेला क्रम बोटाने वाचत गेले. "माझो बापूस पण भरतीचो कागद खिशात ठेवी. आमच्याकडे दोन होल असे, की पानी बघल्याशिवाय कोण जायत नाय. हां. ह्या बरा आसा. ह्या आधीपेक्षा बरा."

मी घरी चालत आलो. पाय हलके झाले होते हे खरं, पण रविवार अजून व्हायचा होता.

रविवारी सकाळी पावणेसातला टॅक्सी निघाली. साहेब, स्टोअरकीपर, मी, आणि पुढच्या सीटवर हिने दिलेला डबा. काठ्या स्टोअरकीपरच्या आग्रहावरून वळकटीत बांधल्या होत्या. त्या दिवसांत लोखंडी टोकाच्या डझनभर काठ्या घेऊन लालबाग-दादरमधून जाणं बरं दिसलं नसतं. तरी माहीमला एका हवालदाराने हात केलाच. वळकटीवर दंडुका आपटून त्याने विचारलं, "ह्यात काय?"

मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "काठ्यो आसत रे. खेळाच्यो."

हवालदार खाली वाकला. साहेबांच्या लाल चेहऱ्याकडे, पांढऱ्या टोपीकडे पाहत राहिला. मग अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब खयचे? मालवणचे?"

"परळचो," साहेब म्हणाले.

त्याने सलाम ठोकला आणि आम्ही सुटलो. स्टोअरकीपर अंधेरीपर्यंत हसत होता.

मार्व्याला पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. तरवाला नव्हता. तो पलीकडे मिसाला, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेला, गेला होता, आणि रविवारची मिसा पौर्णिमा पाहून लवकर आटपत नाही. नऊ वाजले. पाणी पायऱ्यांना लागलं. नऊ-दहा झाले. मी घड्याळ खिशात ठेवायचो आणि पुन्हा काढायचो. साहेब शांतपणे पाण्याकडे पाहत होते. स्टोअरकीपर म्हणाला, "घड्याळाला किल्ली दे एकदा, म्हणजे हाताला काम मिळेल." नऊ-सतराला तर आली. तरवाला कोटातच होता. बाकीच्या उतारूंची वाट पाहायची त्याची रीत, पण मी त्याला सांगितलं की रिकामी जागा माझ्या हिशेबात धर आणि होडी काढ. त्याने काढली.

मामाने काम चोख केलं होतं. खळगे खणलेले, पाइप बसवलेले, निशाणं उभी. म्हशी बांधलेल्या. नऊ-अडतीसला साहेबांनी खाडीच्या काठावर पहिला चेंडू ठेवला. ठरल्यापेक्षा अठरा मिनिटं उशीर. मी कागदावर होलामागे पंधराची तेरा मिनिटं केली.

साहेबांना मी एकतीस वर्षांच्या त्यांच्या नोकरीतली वीस वर्षं पाहत होतो. खात्यात ते वाकून चालायचे, साच्याखाली डोकं घालून पाहायची सवय म्हणून. तिथे, त्या गवतावर, ते सरळ उभे राहिले. वारा समुद्राकडून होता. त्यांनी काठी मागे नेली, आणि चेंडू वाऱ्याच्या खालून, जमिनीलगत, इतका लांब गेला की स्टोअरकीपर नुसताच "अरे" म्हणाला. काठ्या तो वाहत होता, फटके मी लिहीत होतो. पहिला होल पाच फटक्यांत. दुसरा सहा. एकदा चेंडू वाळूत रुतला तेव्हा साहेबांनी विणकरांकडून शिकलेली एक शिवी घातली. मामाच्या घरच्या बाया चढावर उभ्या राहून पाहत होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

दहा-सहाला दुसरा होल उरकला. तिसऱ्यावर असताना मी मागे वळून पाहिलं. पहिल्या निशाणाच्या भोवती गवत चमकायला लागलं होतं. पाणी येताना दिसत नव्हतं, पण प्रत्येक वेळी वळून पाहिलं की एक हात पुढे आलेलं असे. चौथा होल संपवून निघालो तेव्हा दुसऱ्याचं निशाण पाण्यात उभं होतं. पाचव्याला साहेबांचे बूट ओले झाले.

"साहेब, जरा लवकर," मी म्हणालो.

"घाई नको करू रे. साचो नाय हो."

पण ते चालत होते भराभर, गुडघ्याचा विचार न करता. सहावा होल क्रुसापाशी, चढावर. तिथे पोचल्यावर मी पहिल्यांदा श्वास सोडला. आता पाणी कितीही आलं तरी इथे येणार नव्हतं. शेवटचा चेंडू चार पावलांवरून खळग्यात गेला तेव्हा अकराला एक मिनिट होतं. एकूण फटके एकतीस. मी आकडा सांगितला. साहेबांनी माझ्या हातून कागद घेतला, स्वतः पुन्हा बेरीज केली, खाली सही केली आणि मला परत दिला.

मग आम्ही चढावरच बसलो. समोर सगळं कुरण पाण्याखाली गेलं आणि खालची लाल निशाणं पाण्याच्या वर डोकावत राहिली. हिने दिलेल्या आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, मामाच्या घरचे फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि मटण. साहेबांनी आंबोळी मोडून सांबाऱ्यात बुडवली आणि कुणाच्या हातची ते न विचारता ओळखलं. "तुझ्या बायकोक सांग, तिरफळ बरोबर पडला."

दोन वर्षं मी एक वाक्य मनात तयार ठेवलं होतं. त्या वेळी म्हणावं असं वाटलं. तेवढ्यात साहेबांनीच माझ्या मुलीबद्दल विचारलं, "चेडू कितवीत गेला?"

"चौथीत."

"घसो?"

"चांगला आहे. फार बोलते."

"बरा," साहेब म्हणाले, आणि पुन्हा पाण्याकडे पाहायला लागले. माझं वाक्य तसंच राहिलं. पण आता ते सांगायला हवं असं वाटेना. थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, "मुंबई तुमका गावतली. मी बघूक नसतलंय." शेजारच्या मास्तरांचा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

सव्वादोनला तर धक्क्याला लागलेली होती. साहेब कोरड्या पायरीवरून होडीत उतरले. संध्याकाळी दिवे लागायच्या आत मी घरी होतो. ही दारातच उभी होती. मी म्हणालो, "झालं." ती म्हणाली, "दिसतंय," आणि चहा टाकायला आत गेली. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी चहा बसून प्यालो.

सोमवारी दुपारी साहेबांकडे हिशेब घेऊन गेलो. टॅक्सीवाल्याला तीस रुपये. पाइप कापणाऱ्या फिटरला दोन. मामाला खणण्याबद्दल द्यायला गेलो तर त्याने पैसे घेतले नाहीत, एक चेंडू मागून घेतला. शिल्लक अठ्ठेचाळीस रुपये मी टेबलावर ठेवले. साहेबांनी रीतसर मोजले. मग कागदावर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत गेले, आणि पुन्हा वर आले.

"तरीचे पैशे खय आसत?"

"ते लिहिले नाहीत, साहेब."

"कित्या?"

"ते माझे आहेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गणी परत पाठवली तेव्हाचा चेहरा मला आठवत होता, त्यामुळे मी तयार होतो. पण त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "बरा तर."

तरवाल्याला जाऊन-येऊन, सकाळच्या रिकाम्या जागा धरून, साडेचार रुपये झाले होते. ते मी दिले.